चौथीच्या बाईंना, पेन्सिलीच्या एका टिंबाबद्दल

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायला हवं. पण तुम्ही दोन ओळी वाचून ‘अहो, काय एवढं!’ म्हणत ते पर्समध्ये टाकलं असतं आणि विषय शाळेच्या खिचडीवर नेला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमचं, शाळेचं आणि मुलाचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

२०२४ च्या दिवाळीनंतर, दुसरं सत्र सुरू होताना, मी चौथीतलं पोर घेऊन तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. तुमच्या टेबलावर निवडणुकीच्या प्रशिक्षणाचे कागद, त्यांच्याखाली तपासायच्या वह्या, आणि दारात आम्ही. मी कागदपत्रांची पिशवी उघडत होते, तेवढ्यात तुम्ही त्याला विचारलंत, ‘पन्हाळा बघितलायस का रे?’ झालं. सज्जाकोठी, अंबरखाना, अंधारबाव, वेढा कुठून पडला, महाराज कुठल्या रात्री निघाले… पोरगं थांबेचना. आधीच्या शाळेत तीन वर्षं ज्याला ‘बोलत नाही, लक्ष नसतं’ असा शेरा मिळत होता, तेच हे पोरगं. मी आपली पिशवी धरून उभी.

त्या आधीच्या शाळेबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण हात थांबत नाही. भिंतीवर स्मार्ट बोर्ड, पालकसभेला चहा-बिस्किटं, फी वेळेत भरली नाही तर लगेच मेसेज. आणि माझ्या मुलाला वाचता येत नाही हे त्यांना तीन वर्षांत एवढंच समजलं, की तो आळशी आहे. चुकलेला शब्द पानभर लिहून काढायचा. चुकीचाच लिहून काढायचा तो, बघायला कुणाला वेळ होता? प्रकट वाचनाला उभं करायचं, तो अडखळला की वर्ग हसायचा, आणि शिक्षिका हसू थांबायची वाट बघत उभ्या. शेवटी मला बोलावून सांगितलं, ‘तुमचा मुलगा आमच्या लेव्हलला नाही, दुसरीकडे बघा.’ शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलाला मारायला तर मनाई करतंच, मानसिक त्रास द्यायलाही करतं. तो कायदा त्यांच्या ऑफिसात फ्रेम करून लावला होता की काय, आठवत नाही. असता तरी तोही पानभर लिहून काढायला लावला असता.

डॉक्टर, तपासण्या, दाखला ही कथा मी सांगत बसत नाही. अध्ययन अक्षमता निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, म्हणजे हे कुणाच्या आईने लाडाने काढलेलं खूळ नाही. तुम्हाला दाखला दाखवला तेव्हा तुम्ही तो वाचलात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, ‘बरं. म्हणजे याला अक्षरं वेगळ्या वाटेने न्यायला लागतील.’ एवढंच. सहानुभूतीचा चेहरा केला नाहीत, त्याचे वेगळे आभार.

आणि वाट खरोखर वेगळी काढलीत. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते पण कानाला नंतर ऐकू येते, म्हणून तो ती भलत्या अक्षराला लावतो, ‘शिवा’चं ‘शवि’ करतो, हे मला तुमच्याकडून कळलं. मी आयुष्यभर मराठी वाचतेय, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मग तुमचा तो र चा आठवडा. जोडाक्षरांत र ला चार तोंडं असतात, ती गावात शोधून आणा, म्हणून तुम्ही पोरं सोडलीत. आमच्या पोराने ग्यारेजची पाटी पकडली: ‘येथे सर्व प्रकारचे ट्रॅक्टर दुरुस्त करून मिळतील.’ एका पाटीत डोक्यावरचा रफार, पोटातला प्र आणि खालचा ट्र. राहिला होता तो ऱ्य. त्यासाठी तो मला संध्याकाळी गावभर घेऊन फिरला आणि सोसायटीच्या फलकावर ‘शेतकऱ्यांसाठी’ दिसल्यावर रस्त्यातच ओरडला. दूध घालायला आलेले म्हातारबा दचकले, ‘काय सापडलं रं?’ म्हणाले. र सापडला म्हणून कसं सांगायचं!

त्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं जोडलेली होती. ती वाया जातात, पुस्तक जाड होतं अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ती गेली. असतीलही वाया जात. आमच्या घरात मात्र त्या पानांवर पन्हाळ्याचे बुरूज, र ची चार तोंडं आणि ध-घ, भ-म यांच्या जोड्या भरून उरल्या आहेत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र टिंबासाठी आहे.

जानेवारीत कधीतरी त्याचं पुस्तक चाळताना समासात पेन्सिलीचं बारीक टिंब दिसलं. दुसऱ्या पाठात आणखी एक, तिसऱ्यात आणखी एक. मला वाटलं यानेच काही चाळा केलाय, म्हणून खोडरबर घेतलं. तो अंगावरच धावून आला. ‘ते खोडू नको! ते बाईंचं आहे.’ मग बऱ्याच आढेवेढ्यांनंतर सांगितलं. उद्या वर्गात जो परिच्छेद त्याच्या वाट्याला यायचा, त्याच्यासमोर तुम्ही आदल्या दिवशी वह्या देता देता टिंब देत होतात. तो घरी येऊन तेवढाच परिच्छेद घोकायचा. मला सांगायचा नाही, दार लावून घोकायचा. मी समजत होते की पोरगं हल्ली फारच आतल्या आत राहतंय.

वर्गात पाळीने वाचायचं, एकेकाने एक परिच्छेद. तुम्ही सुरुवात कधी खिडकीकडच्या रांगेपासून करायचात, कधी दाराकडून, कधी मधल्याच कुणापासून. पोरांना वाटायचं बाईंची लहर. तुम्ही मात्र मनातल्या मनात मुंडकी मोजत असायचात, टिंबाचा परिच्छेद बरोबर त्याच्यापाशी यावा म्हणून. कुणी गैरहजर असलं तर हिशोब परत मांडायचा. निवडणुकीची ड्यूटी, खिचडीची नोंद, ऑनलाइन माहिती, रोजची हजेरी, आणि वर हे. हे करा असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही, आणि याची माहिती भरायला कुठला रकानाही नाही.

वर्गातल्या एकाही पोराला हे कळलं नाही. ‘त्याला सवलत’ असा शब्दही त्याच्या कानावर पडला नाही. तो उभा राहिला, त्याने वाचलं, तो खाली बसला. बाकीच्यांसारखा. आधीची टिंबं तीन ओळींच्या परिच्छेदांना होती. पुढे पुढे परिच्छेद लांबत गेले, हे मी नंतर पुस्तक घेऊन बसले तेव्हा कळलं.

मार्चमध्ये एक दिवस तो रडवेला होऊन घरी आला. ‘बाई आज टिंब द्यायला विसरल्या.’ पाठ होता पावनखिंडीचा. १६६० ची ती लढाई त्याला तोंडपाठ, पण छापलेल्या पानावर सिद्दी जौहर, पन्हाळगड, बाजीप्रभू अशी जोडाक्षरांची फौजच उभी. कुठला परिच्छेद येईल माहीत नाही, म्हणून त्या रात्री त्याने अख्खा पाठ घोकला. जेवण ताटात गार झालं. दुसऱ्या दिवशी आला तो दप्तर फेकूनच. मधे दोनदा अडखळला म्हणे, आणि एकदा ओळ सुटली, तर शेजारच्या पोराने बोट ठेवून दाखवली. कुणी हसलं नाही. तुम्ही विसरलात की मुद्दाम टिंब दिलं नाहीत, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

लोक मला म्हणतात, नशीब तुमचं, चांगल्या बाई मिळाल्या. तुम्हाला नशीब म्हणायला मी तयार नाही. अशी माणसं ठिकठिकाणी असतात, आपल्याला दिसत नाहीत, कारण ती गाजावाजा करत नाहीत. ज्या एस.टी.ने मी कामाला जाते तिचा कंडक्टर रोज एका आजीची पिशवी न बोलता उतरवून देतो. त्याचा फोटो काढावा असं त्याला कधी वाटलेलं नाही. आणि पट २० च्या खाली गेलेल्या शाळांची यादी मागवणाऱ्यांना मला एकच विचारायचंय: मोठ्या वर्गात कुणी मुंडकी मोजेल का?

तुमची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून तो यंदा पाचवीला हायस्कूलला गेला. तिथल्या सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. बघू. ध आणि घ ची गल्लत अजून होते. पाचवीला हिंदी सुरू झालीय, मी धास्तावलेच होते. पहिल्या आठवड्यात पुस्तक उलटसुलट करून तो म्हणाला, ‘आई, हिंदीत ऱ्य नाही. र ला तीनच तोंडं.’ मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला कळवायला सांगितलंय.

आपली,
तुमच्या वर्गातल्या एका मुलाची आई