चंद्रापर्यंतची रास आणि न गेलेला फोटो

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत जगातल्या डेटावर पानभर लेख आला आहे. १७५ झेटाबाइट (झेटाबाइट हे डेटा मोजायचे एक अवाढव्य माप) डेटा डीव्हीडींवर भरून त्या एकावर एक रचल्या तर रास चंद्रापर्यंत २३ वेळा पोहोचेल, हे वाक्य आपण ठळक अक्षरांत, चौकटीत छापले आहे. शेजारी चंद्राचे मोठे चित्र आहे. मी जन्मभर गणित शिकवले. असा आकडा दिसला की पेन्सिल घेऊन पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात आणि तिची जाडी १.२ मिलिमीटर असते. १७५ झेटाबाइटसाठी सुमारे ३७ लाख कोटी तबकड्या लागतील. त्यांची रास होईल ४ कोटी ४७ लाख किलोमीटर. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे. भागाकार करा, उत्तर ११६ येते. २५ गिगाबाइटची ब्लू-रे तबकडी घेतली तर उत्तर २२ च्या आसपास येते, म्हणजे तो २३ चा आकडा ब्लू-रेचा असावा. नाव डीव्हीडीचे आणि आकडा ब्लू-रेचा, अशी सरमिसळ कुठेतरी झाली असावी. आठवीच्या मुलाने पाच मिनिटांत पकडली असती अशी ही चूक आपल्या कार्यालयात कुणाच्याच नजरेला पडली नाही, याचे मला वाईट वाटले.

आणखी एक. १७५ झेटाबाइट हा कुणी मोजून काढलेला आकडा नाही. आयडीसी या संस्थेने २०१८ मध्ये २०२५ सालासाठी बांधलेला तो अंदाज होता. तोही वर्षभरात तयार होणाऱ्या आणि नकलून घेतल्या जाणाऱ्या सगळ्या डेटाचा. त्यातला बराचसा कुठेच साठवला जात नाही, वापरून लगेच पुसला जातो. मग तो तबकड्यांवर रचायचा कशाला?

पण हे सगळे दुरुस्त केले तरी माझी तक्रार उरतेच. चंद्र २३ वेळा काय आणि ११६ वेळा काय, वाचकाच्या पदरात काय पडले? आमच्या गावातल्या निम्म्या पोरांनी डीव्हीडी हातात घेतलेली नाही आणि चंद्राचे अंतर कुणी चालून पाहिलेले नाही. दोन्ही टोके अनोळखी असतील तर तुलना करून उपयोग नाही. शिवाय किलोबाइट, मेगाबाइट, गिगाबाइट, टेराबाइट, पेटाबाइट, एक्झाबाइट, झेटाबाइट यांत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या हजारपट आहे, ही मूळ गोष्टच लेखात कुठे नाही. ती कळली नाही तर मेगा आणि झेटा दोन्ही नुसते 'लई मोठे' एवढेच डोक्यात राहते.

वर्गात मी हे ज्वारीच्या दाण्यावरून सांगत असे. एक बाइट म्हणजे एक दाणा. ज्वारीचे हजार दाणे तोलले तर साधारण ३० ग्रॅम भरतात, तो झाला एक किलोबाइट. एक मेगाबाइट म्हणजे ३० किलो. एक गिगाबाइट म्हणजे ३० टन, दहा-दहा टनांचे तीन ट्रक. इथपर्यंत पोरांना डोळ्यांसमोर दिसते, कारण ट्रक त्यांनी भरताना पाहिलेला असतो. मग पुढे जायचे. एक झेटाबाइट म्हणजे ३० लाख कोटी टन. साऱ्या जगात आज वर्षाला गहू, तांदूळ, मका, ज्वारी असे सगळे धान्य मिळून २८० कोटी टनांच्या आसपास पिकते. त्या हिशेबाने एका झेटाबाइटएवढे दाणे पिकवायला दहा हजारांहून अधिक वर्षे लागतील. माणसाने शेती सुरू केली त्यालाही साधारण तेवढीच वर्षे झाली आहेत. हे ऐकून वर्ग गप्प व्हायचा. आणि हा एकच झेटाबाइट, लेखातले १७४ अजून बाकीच आहेत. (ज्वारी आता आमच्याकडे शिवारात शोधावी लागते, सगळीकडे कापूस आणि सोयाबीन. पण तो वेगळा विषय आहे.)

मला खरे बोलायचे आहे ते मोठ्या आकड्यांबद्दल नाहीच, लहान आकड्यांबद्दल आहे. कारण माणसाचे नुकसान झेटाबाइटमुळे होत नाही, चार मेगाबाइटमुळे होते.

आमच्या थोरल्या वहिनींचे दोन एकर अरुणावतीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठाला आहे. भाऊ गेल्यापासून वहिनीच शेत पाहतात. काही वर्षांपूर्वी जुलैत नाल्याला पूर आला आणि उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. तेव्हा पीकविम्याचा नियम होता की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचे. कळवण्याची एक वाट मोबाइलवरच्या अ‍ॅपची होती, शेतात उभे राहून काढलेल्या फोटोसह. गुडघाभर चिखलातून जाऊन मी फोटो काढले. पण त्या पावसात गावची वीज गेलेली, आणि वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास चालते, पुढे तोही बंद. वीज आली तेव्हा मुदतीतले बरेच तास सरले होते. गावात रेंज धरते ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, तीही फोनवर नुसते 'ई', म्हणजे जुने संथ इंटरनेट, दिसण्यापुरती. टोल फ्री नंबर लावून पाहिला, तो लागला नाही.

आता हिशेब पाहा. फोटो चार मेगाबाइटचा, म्हणजे १२० किलो ज्वारी. 'ई'वर वरच्या दिशेने सेकंदाला ६४ किलोबिट मिळाले असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट, आपल्या मापात २४० ग्रॅम. १२० किलो जायला ५०० सेकंद हवेत, आठ मिनिटांहून जास्त. आमच्या टाकीवर रेंज सलग आठ मिनिटे टिकत नाही. नव्वद टक्क्यांवर येऊन तुटायचे आणि पुन्हा शून्यापासून सुरू. गेलेले दाणे जमेस धरण्याची सोयच त्या अ‍ॅपमध्ये नव्हती. वहिनी खाली छत्री धरून उभ्या. वर पाहून विचारायच्या, "भाऊजी, गेला का जी फोटो?" मी काय सांगणार? मुदत टळली, दावा नोंदला गेला नाही. बियाणे, खत आणि फवारणीचा खर्च त्यांच्या डोक्यावर राहिला.

त्या फोटोतून कळवायचे तरी किती होते? शेतकऱ्याचे नाव, गाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, तारीख आणि 'पाण्याखाली गेले' एवढेच. देवनागरीतले एक अक्षर किंवा एक मात्रा साठवायला संगणकाला सहसा तीन बाइट लागतात. दोनशे अक्षरे धरली तर ६०० बाइट, म्हणजे १८ ग्रॅम ज्वारी. ती 'ई'वरून क्षणात गेली असती. आधी एवढे पोहोचवून नोंद पक्की करायची आणि फोटो मागाहून घ्यायचा, असे का करता येत नव्हते? फोटो हवाच असेल तर फोनमध्येच तो लहान करता येतो. २०० किलोबाइटच्या फोटोतही पाण्याखालचे पीक स्वच्छ दिसते, आणि तो २५ सेकंदांत गेला असता. पुण्याला संगणकाच्या कामात असलेला माझा पुतण्या सांगतो की तुटले तिथून पुढे चालू करण्याची रीत १९८५ च्या एफटीपीच्या, म्हणजे फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या, नियमांतसुद्धा आहे. मग इतक्या वर्षांनी शेतकऱ्यासाठी अ‍ॅप बनवताना ती का घालू नये? बनवणाऱ्यांच्या टेबलावर वायफाय असते. चार मेगाबाइटला तिथे वजनच नसते, म्हणून ते टाकीच्या जिन्यावर किती भरेल हे त्यांना सुचत नाही.

आपला लेख ज्यांनी लिहिला त्यांनी हे लिहायला हवे होते. एक फोटो किती, एक मिनिटाचा व्हिडिओ किती, रोज सकाळी येणारी फुलांची शुभेच्छा किती, आणि त्यासमोर सातबाऱ्यावरचा मजकूर किती थोडा. आमच्या पोरांचा दिवसाचा दीड जीबी कशात जातो हे त्यांना कळले असते. विद्यापीठातल्या, सरकारातल्या, अ‍ॅप बनवणाऱ्या कुणी ते वाचले असते तर पुढच्या पावसाळ्यात एखाद्या बाईचा दावा वाचला असता. डेटा कळायचा तर तो कोणत्या वाटेने आणि किती वेळात जातो हे सांगितले पाहिजे. किती उंच रचता येतो हे सांगून कुणाचे काही अडत नाही आणि सुटतही नाही.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. दिवाळीपासून आपण बाजारभावाचे कोष्टक छापणे बंद केले आणि त्या जागी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा क्यूआर कोड टाकला. 'सविस्तर भावांसाठी स्कॅन करा.' तो स्कॅन केला की आधी जाहिरातीचा व्हिडिओ उघडतो, मग दुसरी जाहिरात, आणि भाव दिसण्याआधी रेंज जाते. ते सारे कोष्टक अक्षरांत दीड-दोन हजार दाण्यांचे, मूठभर. कागदावर ते चार बोटे जागेत बसत होते, आणि एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एक अंक वीस जण वाचत होते. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे बटणांचा फोन आहे. कापूस गाडीत भरण्याआधी दारव्ह्याला न्यायचा की यवतमाळला, हे त्या चार बोटांवर ठरत होते. आता व्यापारी सांगेल तो भाव.

तेव्हा दोन विनंत्या आहेत. चंद्राच्या आकड्याची दुरुस्ती आतल्या कोपऱ्यात न छापता पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, कारण शाळेतली मुले त्या पानाची कात्रणे वहीत चिकटवतात. आणि आर्णी, दारव्हा, दिग्रस, पुसद, यवतमाळ, वणी या बाजारांतले कापूस, सोयाबीन आणि तुरीचे भाव येत्या सोमवारपासून पुन्हा कागदावर द्यावेत.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
ता. आर्णी, जि. यवतमाळ