सिंथला जरा दम घेऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकांचं पत्र आलं होतं, की भजनात कीबोर्ड शिरला आन् भजन प्लास्टिकचं झालं. वाचून राग आला, पण खोटं तरी कसं म्हणू, मीच त्यातला. मी अंबाजोगाईचा, पंचवीसेक वर्षं झाली पेटी वाजवतोय, सप्ताहात, काकड्याला, कधी लग्नात पण. आणि यंदा दिवाळीत सोयाबीनचे पैसे आले तसा डिजिटल सिंथ घेतला, म्हणजे सिंथेसायझर, ज्यात आवाज आपल्याला पाहिजे तसा घडवता येतो असा कीबोर्ड. बायकोला वॉशिंग मशीन पाहिजे होती ती राहिली, आन् ते मला रोज ऐकवायलीय ती, असो.

पहिल्या दिवशी घरी सगळ्यांना बसवून बासरीचा आवाज लावला आणि एक अभंग वाजवला. पोरगं म्हणलं, पप्पा, हे कस्टमर केअरला फोन होल्डवर ठेवल्यावर वाजतं तसं वाजायलंय. लई लागलं मनाला, पण कान बरोबर होता त्याचा. दुकानदार तर म्हणला होता हजारावर आवाज आहेत. 1991 ला जनरल मिडी नावाच्या, कीबोर्डवाल्यांच्या सामाईक नियमात जी 128 आवाजांची यादी ठरली ती आजही कितीतरी कीबोर्डमधी असते, माझ्यात पण आहे. तिच्यात 105 नंबरला सतार आहे, 112 ला शहनाई आहे, 126 ला हेलिकॉप्टर आणि 128 ला चक्क बंदुकीची गोळी. संबळ नाही, तुणतुणं नाही. हेलिकॉप्टर कोणत्या अभंगाला लावायचं ते काय मला कळलं नाही.

मग दोन महिने रात्री हेडफोन लावून बसलो. एक गोष्ट लक्षात आली, कंपनीचा आवाज फार नीट असतो, आणि नीट असतो म्हणूनच खोटा वाटतो. खरी बासरी फुंकली की आधी नुसती हवा येते, मग सूर धरतो. कंपनीच्या बासरीत बोट ठेवलं की सूर हजर, शाळेतल्या हजेरीसारखा. मी अटॅक, म्हणजे सूर पुरता उमटायला लागणारा वेळ, शून्यावरून 70 मिलिसेकंदावर नेला, सुरुवातीला थोडा नॉईज, म्हणजे हवेसारखी फुसफुस, टाकला, तो पण फिल्टर लावून, म्हणजे त्याचा तिखटपणा कापून, नाहीतर कुकरची शिट्टी होते. आणि व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, पहिल्यापासून चालू होता तो अर्धा सेकंद उशिरा लावला, कारण कुठलाच माणूस सूर लावला लावला लगेच हलवत नाही, आधी जरा टेकतो. एवढ्यानंच पोरगं मोबाईलमधून मान वर करून म्हणलं, आता बरं आहे.

पेटीच्या आवाजानं मात्र मला रडवलं. सिंथवर बोट जोरात मारलं की आवाज मोठा, हळू मारलं की बारीक, 127 पायऱ्या आहेत म्हणे त्याच्या. पण पेटीत बोट किती जोरात पडलं याला काही अर्थच नाही हो, सगळा खेळ भात्याचा. मग ते बोटाचं कनेक्शनच बंद केलं, एक पायाचा पेडल आणला आणि आवाज अन् फिल्टर दोन्ही त्याच्यावर टाकले. पाय दाबला की आवाज नुसता वाढत नाही, खुलतो पण. म्हणजे डाव्या हाताचा भाता उजव्या पायात आला. पहिले आठ दिवस पाय तालावर ठेका धरायचा आणि अभंग उचक्या दिल्यासारखा वाजायचा, तो भाग सोडा. वरून दोन ऑसिलेटर, म्हणजे सिंथमधी सूर तयार करणारे भाग, घेतले, एक नर, म्हणजे पेटीतला मधला सूर आणि त्याच्याशेजारी दुसरा तसाच, फक्त 4 सेंट चढा (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). पांढरी सहाला, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीला, सेकंदाला 440 कंपनं असतात, तिथं एवढ्या फरकानं सेकंदाला साधारण एक हेलकावा येतो. जुन्या पेटीत दोन सूर कधीच एकमेकाला तंतोतंत जुळलेले नसतात, ती ऊब तिथूनच येते.

आता सुराचं. पेटीला पण एके काळी लोक असंच नावं ठेवत होते, 1940 ला आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली ती 1971 पर्यंत उठली नव्हती, आन् आज तीच पेटी अस्सल झाली, बघा. तक्रार मात्र खोटी नव्हती. पेटीचा शुद्ध गंधार 'सा'पासून 400 सेंटवर, आणि तानपुऱ्यात ऐकू येतो तो 386 वर. पेटीत हा 14 चा फरक काढायचा तर सुराची आतली पितळी पट्टी घासावी लागते, सिंथमधी मेनूत जाऊन आकडा टाकला की झालं. पण ते एका 'सा'पुरतंच असतं. एका कार्यक्रमात मी काळी एकला 'सा' धरून सेटिंग करून बसलो, मधेच दुसरे बुवा गायला बसले, त्यांचा 'सा' पांढरी दोन, आणि लावली त्यांनी भैरवी. माझा उतरवलेला गंधार, म्हणजे पांढरी चार, त्यांचा कोमल गंधार झाला, आधीच कोमल त्यात अजून उतरलेला. बुवांनी गाता गाता मान वळवून माझ्याकडं असं पाहिलं की मी पांढरी चारला परत हातच लावला नाही.

अजून एक, हेडफोनमधी जो कोरस, म्हणजे एकाच आवाजाचे अनेक झाल्यासारखं करणारा इफेक्ट, गोड लागतो तो मंडपात गायब होतो. आपल्याकडच्या साऊंडवाल्यांकडं बहुतेक सगळं मोनोच असतं, डावं-उजवं एकत्र झालं की अर्धा आवाज एकमेकालाच खाऊन टाकतो. म्हणून आवाज करतानाच मोनोत ऐकून करायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

संबळाचं राहिलंच. आमच्या गल्लीतल्या गोंधळी काकांकडून बारा ठोके रेकॉर्ड करून घेतले, सहा जाड सहा कडक, आणि आलटून पालटून वाजतील असे लावले, म्हणजे तोच ठोका लागोपाठ येऊन शिलाई मशीन होत नाही. काकांना ऐकवलं. शांत ऐकलं त्यांनी, म्हणले हात माझाच हाय, पर म्या न्हाई. मग विचारलं, बिदागी एकदाच दिली का रं? मला काही बोलता आलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला काकाच संबळ घेऊन येणार आहेत, त्यांचं पाकीट वेगळं काढलंय, मी ती बटणं मोकळी ठेवणार.

तुमच्या त्या पत्रवाल्या वाचकांना सांगा, दर गुरुवारी रात्री नऊला आमची प्रॅक्टिस असते, या ऐकायला. लाईट गेली तर जुनी पेटी शेजारीच असते.

– एक पेटीवाला, अंबाजोगाई