पन्नास प्लस म्हणजे नेमकं किती प्लस?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर रविवारच्या रनची बातमी वाचली. फोटो छान आलाय, सगळ्यात वयस्कर स्पर्धक हातात बुके घेऊन उभे आणि खाली ते नेहमीचं, या वयातही तरुणांना लाजवणारा उत्साह वगैरे. बातमी दोनदा वाचली पण आजोबांनी दहा किलोमीटर किती वेळात मारले ते काही सापडलं नाही. पहिल्या तीन पोरांच्या वेळा सेकंदासकट दिल्यात, आजोबांचा मात्र फक्त उत्साह. असो, वार्ताहराला तरी काय बोलणार, आयोजकांनी जी लिस्ट दिली त्यात पण वेळ नसेल बहुतेक. पत्र लिहायचं कारण खरं तर ते आयोजकच आहेत, आणि ते तुमचा पेपर वाचतात एवढं मला माहितीये.

मी साठी ओलांडलेली हौशी रनर आहे, टाचेच्या दुखण्यातून उठून परत लोकल शर्यतींमध्ये पळायला लागलेय. मेडल मिळत नाही म्हणून रडगाणं गातेय असं कृपया समजू नका, मेडल तर आजकाल येईल त्याच्या गळ्यात घालतात. माझा मुद्दा वयोगटाचा आणि कटऑफचा आहे, म्हणजे शर्यत संपवायला दिलेल्या जास्तीत जास्त वेळेचा.

बऱ्याच लोकल शर्यतींचा फॉर्म उघडून बघा, खाली १८ ते ३५, ३६ ते ४९ आणि मग डायरेक्ट पन्नास प्लस. बायकांच्या बाबतीत तर कधी कधी पंचेचाळीसलाच शटर ओढलेलं असतं. म्हणजे पन्नास वर्षांची, नोकरी सांभाळून रोज ट्रेनिंग करणारी बाई आणि बहात्तर वर्षांची आजी एकाच गटात. पाचवीतल्या पोराला कॉलेजच्या पेपरला बसवल्यासारखंच झालं की हे. तरुणांना १८ ते ३५ असा एवढा मोठा एकच गट चालून जातो, विशी-तिशीत वेळ तेवढी बदलत नाही, पण आमच्या वयात पाच वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हे मी मनाने सांगत नाहीये. कॅनडाचे एड व्हिटलॉक घ्या, घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास चकरा मारून सराव करायचे. २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पळून काढली. आपल्याकडच्या कुठल्याही रनिंग ग्रुपमधल्या तिशीच्या पोरांना विचारा तीन तासांच्या आत ४२.१९५ किलोमीटर म्हणजे काय असतं ते. तेच व्हिटलॉक २०१६ मध्ये ८५ व्या वर्षी पळाले तेव्हा ३ तास ५६ मिनिटं ३४ सेकंद लागले, आणि त्या वयात चार तासांच्या आत येणारे ते पहिलेच. म्हणजे जगातला सगळ्यात भारी म्हातारा रनरसुद्धा बारा वर्षांत एक तासाने मागे आला. आपले फौजा सिंग, ज्यांचं नाव आम्हाला प्रत्येक शर्यतीच्या स्टेजवरून ऐकवलं जातं, ते २००३ मध्ये ९२ व्या वर्षी टोरंटोची मॅरेथॉन ५ तास ४० मिनिटांत पळाले आणि २०११ मध्ये शंभराव्या वर्षी तीच त्यांना सव्वाआठ तासांच्या आसपास गेली. आठ वर्षांत अडीच तास! स्टेजवरून शंभर वर्षं तेवढी सांगतात, हा अडीच तासांचा हिशोब कोणी सांगत नाही, आणि आमच्यासाठी खरी माहिती त्या हिशोबातच आहे.

म्हणूनच जागतिक मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा गट असतो, ३५, ४०, ४५ करत पार नव्वदीच्या पुढे शंभरीपर्यंत. बोस्टन मॅरेथॉनला क्वालिफाय व्हायच्या वेळासुद्धा वयाप्रमाणे वेगळ्या, साठ ते चौसष्टच्या पुरुषांना ३ तास ५० मिनिटं, ऐंशीच्या पुढे ४ तास ५० मिनिटं, आणि बायकांना त्यावर आणखी अर्धा तास. यात दयाबिया काही नाही, शरीर जसं चालतं तसा नियम.

आता आयोजक म्हणतील की मॅडम, पासष्टच्या पुढे चारच एन्ट्री येतात, त्यांचा कसला गट करायचा. बरोबर आहे, पण त्याचाही तोडगा तयार आहे, एज ग्रेडिंग. प्रत्येक वयासाठी, बाई-पुरुष वेगळं, त्या अंतराची जागतिक दर्जाची एक वेळ ठरवलेली असते आणि तुमची वेळ तिच्या किती टक्के जवळ आली ते काढायचं. समजा माझ्या वयाला पाच किलोमीटरची ती वेळ २१ मिनिटं आहे आणि मी ३५ मिनिटांत आले तर माझे ६० टक्के, आणि शेजारचा तिशीतला मुलगा, ज्याच्या वयाची वेळ समजा १३ मिनिटं आहे, तो २६ मिनिटांत आला तर त्याचे ५०. मग कोण चांगलं पळालं सांगा. (तो मुलगा मान्य करणार नाही, पण आकडे आकडे असतात.) पार्करन नावाचा जो दर शनिवारचा फुकट पाच किलोमीटरचा उपक्रम जगात बऱ्याच देशांत चालतो त्यात प्रत्येकाच्या नावापुढे हा टक्का छापलेला असतो, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. आणि गंमत म्हणजे तो सुरू केला एका जायबंदी रनरनेच, पॉल सिंटन-ह्यूइट, २ ऑक्टोबर २००४, लंडनच्या बुशी पार्कमध्ये, स्वतःला पळता येत नव्हतं म्हणून मित्रांची वेळ घ्यायला उभे राहिले. पहिल्या दिवशी १३ जण पळाले, आणि फिनिशचे टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर वापरले होते. वेळ मोजायची चिप नाही, स्टेज नाही, स्पॉन्सर नाही. तेव्हा बजेट नाही हे कारण मला सांगू नका.

आता दुखापतीचं सांगते कारण कटऑफचा सगळा मामला तिथूनच सुरू होतो. माझं दुखणं अकिलीसचं, टाचेच्या मागे ती जाड दोरी हाताला लागते ना, तो टेंडन. सकाळी पलंगावरून उतरलं की भिंत धरून, टाच न टेकवता पहिली पावलं टाकायची, जिना उतरताना लहान मूल उतरतं तसं एका पायरीवर दोन्ही पाय आणून मग पुढची. अर्ध्या तासाने सैल होतं आणि मग वाटतं अरे काहीच नाहीये, चला पळूया, हीच त्या दुखण्याची लबाडी. गुडघेदुखी जास्त करून तरुण रनर्सची, पोटरी आणि अकिलीस आमच्या वयाच्या रनर्सची. एका डॉक्टरांनी तर न तपासताच सांगितलं, आता या वयात कशाला, चाला की छान. फिजिओ मात्र शहाणी निघाली, तिने पायरीच्या कडेला उभं केलं, चवड्यावर, सगळं वजन दुखऱ्या पायावर आणि टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायाने. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ, तीन सेट गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, म्हणजे दिवसाला १८०, आणि हे बारा आठवडे रोज. घरचे म्हणायचे तू जिन्यातच राहायला जा.

हा व्यायाम हकन आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडनच्या ऑर्थोपेडिक सर्जनचा. त्यांचा स्वतःचा अकिलीस दुखत होता, ऑपरेशन करा म्हणून मागे लागले तर वरिष्ठांनी नाही म्हणून सांगितलं, मग यांनी ठरवलं की एवढा ताण द्यायचा की तो टेंडन तुटलाच पाहिजे, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. तुटायच्या ऐवजी बरा झाला. १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरचा अभ्यास छापला, बारा आठवड्यांनी सगळे परत पळायला लागले होते. (हे वाचून कोणी उद्यापासून स्वतःच सुरू करू नका, आधी दाखवून या, टाचेचं प्रत्येक दुखणं अकिलीसचं नसतं आणि टेंडन तुटलेला असेल तर प्रकरण वेगळं.)

मला जे सांगायचंय ते हे, की टेंडनला रक्तपुरवठा कमी, तो फार सावकाश सुधारतो, हृदय आणि फुप्फुसं त्या मानाने लवकर ताळ्यावर येतात. दुखण्याच्या काळात सायकल मारली, पोहले, दम टिकून राहिला. त्यामुळे परत शर्यतीला उभं राहिल्यावर दम म्हणतो जा पुढे आणि टाच म्हणते थांब जरा. अशा वेळी शहाणा रनर मुद्दाम हळू पळतो, चार मिनिटं पळून एक मिनिट चालतो, उतारावर तर चक्क चालतो. बघणाऱ्याला वाटतं बिचारी दमली, दमलेली वगैरे काही नसते, हिशोबात असते. आणि नेमकी हीच माणसं कटऑफमध्ये अडकतात. दहा किलोमीटरला दीड तास म्हणजे किलोमीटरला नऊ मिनिटं, ऐकायला भरपूर वाटतं, चालण्याचे ब्रेक घेत दुखऱ्या पायाने करून बघा.

त्यात सुरुवातीचा तमाशा वेगळाच. स्टार्टला अर्धा तास आधी बोलावतात, पाहुणे उशिरा येतात, भाषणं होतात, आम्ही गर्दीत चेंगरून उभे, टाच परत आखडून बसलेली, आणि मग स्टेजवरून एकदम झुम्बा, जंप करा, अजून वर, हात वर! अकिलीसवाल्यासाठी थंड पडलेल्या पायाने उड्या मारणं याच्यासारखा वाईट वॉर्मअप नाही. मी कडेला जाऊन जागच्या जागी टाचा वर-खाली करत बसते, अँकर माइकवरून म्हणतो मावशी तुम्ही पण या! येत नाही.

आणि शेवटी काय होतं ते ऐका. मागच्या एका शर्यतीत मी आठव्या किलोमीटरला होते तेव्हा पाण्याचं टेबल टेम्पोत चढत होतं, खाली तुडवलेले कागदी कप तेवढे राहिलेले, व्हॉलंटियर मुलगी बिचारी म्हणाली आंटी माझ्या बाटलीतलं घ्या. फिनिशला पोचले तर टायमिंगची मॅट गुंडाळून झालेली, दोन मुलं तिचे केबल सोडवत होती. बुटाला चिप लावलेली होती पण वाचायला मॅटच नाही, त्यामुळे रिझल्टमध्ये माझ्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही. कटऑफला अजून वेळ शिल्लक होता हे विशेष. मेडल मात्र मिळालं, दोन घ्या म्हणाले, उरलीयेत.

वेळेचं एवढं काय घेऊन बसलात असं तुम्हाला वाटेल. जोन बेनॉइट सॅम्युएलसनचं बघा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर १७ दिवसांनी अमेरिकेची ऑलिम्पिक ट्रायल जिंकली आणि १९८४ ला बायकांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकली, ते सगळ्यांना माहितीये. मला त्यांचं २०१९ चं जास्त आवडतं. १९७९ मध्ये बोस्टन २ तास ३५ मिनिटं १५ सेकंदांत जिंकली होती, चाळीस वर्षांनी ठरवलं की त्या वेळेच्या चाळीस मिनिटांच्या आत यायचं, आणि वयाच्या ६१ व्या वर्षी ३ तास ४ मिनिटांत आल्या. आधीची वेळ कुठेतरी लिहिलेली होती म्हणूनच ही मजा. माझी वेळ काय, तिच्या जवळपासही नाही, पण दुखण्याच्या आधीची मला पाठ आहे आणि नंतरची मला कागदावर पाहिजे, डीएनएफशी कशी तुलना करू?

राहिला तब्येतीचा प्रश्न, कारण तो कोणीतरी काढणारच. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमध्ये पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांमध्ये हृदय बंद पडायच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे लाखाला एकसुद्धा नाही. दुसरा अभ्यास स्टॅनफर्डचा, १९८४ पासून पन्नाशीच्या पुढच्या रनर्सवर लक्ष ठेवलं, १९ वर्षांनी न पळणाऱ्यांतले ३४ टक्के गेले होते आणि पळणाऱ्यांतले १५. आता पळणारे मुळातच थोडे धडधाकट असणार हे मी पण मानते. धोका नाही असं म्हणत नाही, तपासण्या करून घ्याव्यात, आयोजकांनी फिनिशजवळ डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं यंत्र, ठेवावा, आणि शेवटचा रनर येईपर्यंत ॲम्ब्युलन्स हलवू नये. सध्या बक्षीस समारंभ सुरू झाला की ती स्टेजजवळ येते, जिथे सगळे बसलेले असतात.

तर मागणं फार नाही. जाहीर केलेल्या कटऑफपर्यंत मॅट, पाणी आणि ॲम्ब्युलन्स जागेवर ठेवा. हळू पळणाऱ्यांना वीस मिनिटं आधी सोडलंत तर रस्ते बंद ठेवायचा वेळ पण वाढणार नाही. पन्नाशीच्या पुढे पाच-पाच वर्षांचे गट करा, बक्षीस नका देऊ हवं तर, नुसती लिस्ट लावा. जन्मतारीख तर तुम्ही फॉर्मवर घेताच, आधार कार्ड पण बघता, म्हणजे फक्त सॉर्ट करायचं काम आहे. कोणाला वेळ नसेल तर एक्सेलची फाइल मला पाठवा, मी संध्याकाळपर्यंत वयोगट लावून, एज ग्रेडचे टक्के काढून परत पाठवते, निवृत्तीच्या आधी अकाउंट्समध्येच होते.

आपली,
एक वाचक, दहा किलोमीटर गट