दुचाकीला हवेचा सेन्सर घेण्याआधी टायर बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आंबा घाटाच्या पायथ्याशी, साखरप्यात माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. कोल्हापूरकडून रत्नागिरी, गणपतीपुळ्याला बाइकवर जाणारी मुलं हवा बघायला थांबतात आणि हल्ली त्यांतले बरेच जण विचारतात, "काका, टीपीएमएस बसवू का?" टायरमधल्या हवेचा दाब हँडलवरच्या छोट्या पडद्यावर किंवा मोबाइलवर दाखवणारं हे यंत्र आता दोन-अडीच हजारांत घरपोच येतं. पण सरसकट सगळ्यांनी त्यात पैसे घालावेत असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

गाडीला ट्यूब आहे का, ते आधी बघावं. आऱ्यांच्या चाकात खिळा घुसला की ट्यूब फाटते आणि वॉल्वच्या भोकातून, आऱ्यांच्या मुळाशी हवा भसकन निघून जाते. यंत्र ओरडेपर्यंत गाडी हातात डुलायला लागलेली असते. दूध घालायला, बाजाराला, शाळेवर जाणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या अशा गाडीला तीन-चारशे रुपयांचा चांगला गेज पुरतो. आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना मोजावं. किती हवा हवी ते चेनकव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. पाठीमागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तो बहुतेकांनी वाचलेलाच नसतो.

ट्यूबलेसची गोष्ट निराळी. खिळा आत रुतून बसतो आणि हवा दोन-दोन पौंडांनी उतरत राहते. गेल्या पावसाळ्यात एक जोडपं घाट उतरून आलं. मागे दोन्ही बाजूंना बॅगा. "गाडी वळणावर मागून सरकतेय," एवढंच त्या मुलाला जाणवलं होतं. गेज लावला तर मागच्या चाकात जेमतेम 11 पौंड. रस्त्याच्या कामावर सळ्या बांधायला वापरतात त्या तारेचा तुकडा घुसला होता. टायरच्या बाजूला हात टेकवत नव्हता. टायर रिमवरून उतरवला तर आतून मूठभर काळी पूड निघाली. हवा नसताना दोन माणसांच्या वजनाखाली चालून बाजूचं रबर आतल्या आत दळलं गेलं होतं. त्याला पट्टी मारून पुढे पाठवणं मला मान्य नव्हतं, टायर बदलावाच लागला. सेन्सर असता तर त्यांना घाट उतरण्याआधी, वर आंब्यालाच कळलं असतं. ट्यूबलेस गाडी, लांबचा पल्ला, घाट, मागे माणूस आणि सामान, असं ज्यांचं आहे त्यांनी यंत्र जरूर घ्यावं. जुन्या चेतकला निदान स्टेपनी तरी असायची, मोटारसायकलला तीही नाही. मोटारींसाठी केंद्राने 2020 मध्ये हे यंत्र आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीची सक्ती काढली. आपल्याला तर पहिल्यापासून स्टेपनीविनाच चालायचं आहे, म्हणून हवा उतरतेय हे लवकर कळण्याला इथे जास्त किंमत आहे.

मात्र बसवताना घाई नको. वॉल्वच्या टोपीच्या जागी फिरवून लावायचा सेन्सर वॉल्वची पिन कायम दाबून धरतो. म्हणजे हवा अडवायला उरतं ते सेन्सरच्या आतलं रबरी वायसर. तिथे माती गेली की यंत्रच हवा सोडतं. बसवल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा. जुना रबरी वॉल्व बोटाने वाकवा. मुळाशी चीर उघडली तर त्यावर सेन्सरचं वजन टाकू नका, आधी धातूचा वॉल्व घाला. सेन्सर रिमच्या आत असेल तर टायर काढणाऱ्याला सांगायला विसरू नका, पान्याखाली तो फुटतो. आणि घाट उतरल्यावर तीन-चार पौंड जास्त दिसले म्हणून हवा सोडू नका. टायर तापला की आकडा चढतोच. तेव्हा हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड टायरमध्ये, ती कमी भरते.

यंत्र हवा मोजतं, भरत नाही. पेट्रोल पंपावर मोफत हवा देणं बंधनकारक आहे, पण आमच्या बाजूच्या एका पंपावर महिनोन् महिने "मशीन बंद" अशी पाटी होती. सुरू झालं तेव्हा तिथले 30 पौंड माझ्या दोन्ही गेजवर 24 भरले. दोन हजारांचं यंत्र परवडत नाही असा दुचाकीवाला त्याच हवेवर बायकापोरांना घेऊन घाट चढतो. वैधमापन विभाग पंपावर पेट्रोलचं माप तपासतो, त्याच फेरीत हवेचा गेजही तपासावा आणि तपासल्याची तारीख यंत्रावर चिकटवावी. तेल कंपन्यांनी बंद मशीन किती दिवसांत दुरुस्त करणार हे पंपावर लिहून लावावं. आपल्या वृत्तपत्राने जिल्ह्यातल्या पंपांवर जाऊन ही पाहणी केली तर माझे गेज घेऊन मी सोबत यायला तयार आहे.

– एक टायर दुरुस्ती व्यावसायिक, साखरपा (ता. संगमेश्वर)