हिवरे बाजारचा ताळेबंदही छापावा

महोदय,

ग्रामपंचायतींच्या निवडणुका आल्या की आदर्श सरपंचांची ओळख करून देणारे लेख येतात आणि त्यांत पोपटराव पवार हमखास असतात. एम.कॉम. झालेला, क्रिकेट गाजवलेला तरुण १९८९ साली हिवरे बाजारचा सरपंच होतो आणि दुष्काळी गावाचा कायापालट होतो. पुढे २०२० ची पद्मश्री. माहिती खरी आहे, पण ती वाचून नव्याने निवडून आलेल्या सरपंचाच्या हाती काही लागत नाही. पोपटरावांची कारकीर्द ज्यावर उभी आहे ते पाण्याचे अंदाजपत्रक, म्हणजे गावात पडलेले पाणी आणि त्याचा खर्च यांचा ताळेबंद, कसे करायचे, हे या लेखांत क्वचितच असते.

गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी. त्यामुळे १०० मिलिमीटर पावसात शिवारावर साडेसत्त्याण्णव कोटी लिटरच्या वर पाणी पडते. आकडा मोठा वाटतो, पण त्यातले बरेचसे बाष्पीभवनात आणि ओलाव्यात जाते, काही ओढ्याने वाहून जाते. विहिरींना मिळते ते उरलेले.

आता खर्चाची बाजू पाहा. साडेबाराशे लोकवस्ती आणि माणशी रोज ५५ लिटर धरले, तर पिण्या-वापरण्याला वर्षाला सुमारे अडीच कोटी लिटर लागतात. पाटपाण्यावरचा एक हेक्टर ऊस वर्षाला साधारण दोन कोटी लिटर पितो. म्हणजे सव्वा हेक्टर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात अख्खे गाव वर्षभर राहते. उसाला मज्जाव आणि शेतीसाठी बोअरवेलबंदी हे हिवरे बाजारचे नियम या हिशेबातून आलेले आहेत. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन ही पंचसूत्री सर्वांना पाठ असते, पण पाणी टिकवले ते ऊस आणि बोअरवेल यांवरच्या दोन बंधनांनी, असे आमचे स्पष्ट मत आहे. चर आणि बंधारे पाणी मुरवतात. उपशावर लगाम नसेल तर मुरलेले पाणी दोन उन्हाळेही पुरत नाही.

इतर गावांत हा प्रयोग कुठे फसतो, तेही सांगायला हवे. पहिली चूक पर्जन्यमापकाची. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून किंवा लिंबाच्या झाडाखाली बसवतात. जवळच्या झाडाच्या किंवा इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो मोकळ्यावर हवा, आणि नोंद रोज सकाळी साडेआठलाच व्हायला हवी. विहिरींचे मोजमापही असेच बिघडते. मोटार चालू असताना किंवा नुकती बंद केल्यावर टेप सोडला तर पातळी खोटी येते. कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करावी आणि पहाटे, उपसा सुरू होण्याआधी, तिथूनच मोजावे. टेकडीवरच्या सलग समतल चरांचे तसेच: तळ समपातळीत नसेल तर सगळे पाणी एका टोकाला धावते आणि पहिल्याच वळवाला चर फुटतो. मग खालचे चरही गाळाने भरतात. म्हणून हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीने समपातळी दाखवणाऱ्या साधनाने) आखणी केल्याशिवाय कुदळ मारू नये आणि काम माथ्याकडून पायथ्याकडेच यावे. चराईबंदी करायची तर कापून नेण्यासाठी गवत खुले ठेवावे, नाहीतर रात्री जनावरे आत सोडली जातात.

सर्वांत महाग पडणारी चूक वेळेची. उपलब्ध पाणी पाहून पिके ठरवणारी पाण्याची ग्रामसभा दिवाळीनंतर घेतली जाते. तोवर ज्वारी पेरून झालेली असते, कांद्याची रोपे टाकलेली असतात, खताची उधारी झालेली असते. त्या शेतकऱ्याला ‘यंदा कांदा नको’ कोणत्या तोंडाने सांगणार? सप्टेंबरअखेरच्या नोंदी हातात घेऊन लगेच आठवड्याभरात सभा झाली तरच तिचा निर्णय पाळला जातो.

आणि ती सभा खरी असावी लागते. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. ही पळवाट अनेक गावांत नेमाने वापरली जाते. पंधरा-वीस जण ठराव करतात आणि बोअर घेणारा म्हणतो, मी त्या सभेला नव्हतो. तो चुकीचे बोलत नाही, म्हणूनच असा ठराव टिकत नाही.

सरपंचाला पाच वर्षे मिळतात, पुढच्या वेळी आरक्षण बदलू शकते. हिवरे बाजारला तीस वर्षे निवडणूकच झाली नाही. २०२१ मध्ये झाली तेव्हा सातही जागा पोपटरावांच्या पॅनेलला मिळाल्या. इतका दीर्घ काळ इतरांच्या वाट्याला येणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी मोजमाप आणि माथ्यावरचे चर, दुसऱ्या वर्षापासून दर सप्टेंबरअखेर ताळेबंद, आणि नोंदवही शाळेच्या ताब्यात, असा क्रम आम्ही सुचवतो. शाळेचे शिक्षक पॅनेल बदलले म्हणून बदलत नाहीत.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे कोणत्याही सरपंचाची ओळख छापताना त्या गावाचा गेल्या तीन वर्षांचा पाऊस, मे महिन्यातली विहिरींची पातळी आणि पाण्याच्या ग्रामसभेची तारीख व उपस्थिती यांची छोटी चौकट सोबत द्यावी. हे आकडे ग्रामपंचायतीत मागितले तर मिळायला हवेत. मिळाले नाहीत तर तसेही छापावे.

आपले,
ग्रामविकास व जलसंधारण विभागांतील काही निवृत्त कर्मचारी, अहिल्यानगर