कोहिमाच्या ताईंना, मनापासून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण हिंदीत बोललो, पण तुमच्याबद्दल आमच्या माणसांनाही कळावं म्हणून हे पत्र मराठीत लिहितो आहे. कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत तुम्ही आमच्यासाठी एक अख्खी दुपार खर्च केलीत. शाळेतून दमून आलेल्या होतात, आम्ही तुमचे कुणी नव्हतो, तरीही.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४४ मध्ये, मणिपुरातल्या सांगशाक गावी जपान्यांशी लढले, गावी परतले, शेती केली आणि त्या लढाईबद्दल घरात कधी बोलले नाहीत. वडिलांना फक्त गावाचं नाव माहीत. त्यांनी चाचरत ते उच्चारलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, "मराठे तिथे होते ना!" त्या क्षणी वडिलांचा चेहरा कसा उजळला, हे तुम्ही पाहिलंत की नाही ठाऊक नाही. मी पाहिला.

मग तुम्ही आम्हाला जॉन हार्मनच्या कबरीपाशी नेलंत. ब्रिटिश सैन्यातल्या रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचा लान्स कॉर्पोरल, म्हणजे आपल्याकडच्या लान्सनाईकाच्या तोडीचा, वय २९. स्वतःच्या वडिलांच्या मालकीच्या, इंग्लंडजवळच्या लंडी नावाच्या छोट्या बेटावर रमलेला मुलगा. त्याची बटालियन ५ एप्रिल १९४४ ला कोहिमात पोचते न पोचते तोच जपानी सैन्याचा वेढा आवळला गेला. पाण्याचा साठा शत्रूच्या हाती गेला, माणशी मोजून पाणी मिळू लागलं, जखमी उघड्या खंदकांत पडून राहिले.

८ एप्रिलला त्याच्या सेक्शनपासून, म्हणजे त्याच्या हाताखालच्या लहान तुकडीपासून, ५० यार्डांच्या आत जपान्यांनी मशिनगन बसवली. जमिनीच्या उतारामुळे सेक्शनचा मारा तिथे पोचेना. हार्मन एकटा पुढे गेला. चार सेकंदांत फुटणाऱ्या ग्रेनेडचा खटका सोडून त्यानं तो निदान दोन सेकंद हातातच धरला, मग फेकला, आणि ती मशिनगन घेऊनच परत आला. तुम्ही हे सांगताना स्वतःची मूठ आवळून थांबलात, तेव्हा ते दोन सेकंद किती मोठे असतात ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोर शत्रू खंदक खोदताना दिसला. ब्रेनगन या हलक्या मशिनगनवाल्याला शत्रूला दाबून धरणारा मारा करायला सांगून हा संगीन लावून पुन्हा एकटाच धावला. चौघांना गोळ्या घातल्या, पाचव्याला संगिनीनं मारलं. परत येताना मात्र तो चालत आला. बाजूनं मशिनगनच्या गोळ्या लागल्या आणि आपल्या माणसांत पोचल्यावर थोड्याच वेळात त्यानं प्राण सोडला. जाताना कंपनी कमांडर डोनाल्ड ईस्टन यांना म्हणाला की सगळे टिपले, सार्थक झालं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला.

वडिलांनी विचारलं, "तो पळत का आला नाही?" तुम्ही उत्तर बनवून सांगितलं नाहीत, नुसती मान हलवलीत. मला ते फार आवडलं. शूरांच्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण अशा जागी काहीतरी भर घालतात.

पण खरे आभार त्यानंतरच्या गोष्टीचे. वडील हळहळून म्हणाले, हे गोऱ्या शिपायाचं झालं, आमच्या माणसाचा इथे काय संबंध? तेव्हा तुम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावर नकाशा काढलात. सांगशाक इथे, कोहिमा इथे. कोहिमावर चालून येणाऱ्या जपानी डिव्हिजनचाच एक भाग २२ ते २६ मार्चदरम्यान सांगशाकला अडकून पडला होता. ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठे तिथे चिवटपणे लढले, आणि कोहिमाच्या बचावाला तेवढे दिवस मिळाले. वेढ्यात हार्मनच्या पलटणीबरोबर आसाम रेजिमेंट होती, राजपूत होते, आणि कोहिमाजवळच्या जोत्सोमाहून भारतीय पहाडी तोफा त्यांच्यासाठी आग ओकत होत्या. वर नेऊन तुम्ही दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारकही दाखवलंत. वडील तिथे बराच वेळ हात जोडून उभे होते.

तुमच्या आजीचं घर त्याच लढाईत जळालं, हे तुम्ही अगदी शेवटी, आम्ही विचारल्यावर सांगितलंत. गाव सोडून जंगलात राहावं लागलेली माणसं, जखमींना खांद्यावरून वाहणारे नागा, यांच्या वाट्याला किती थोडी दाद आली! दुसऱ्यांच्या युद्धात घर गमावलेल्या कुटुंबातल्या तुम्ही, आणि परक्या शिपायांच्या कबरी इतक्या मायेनं दाखवता. ताई, मला हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं, म्हणून म्हणतो आहे.

वडिलांनी तो नकाशा आजोबांच्या पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवला आहे. आता ते नातवंडांना सांगशाकबद्दल सांगतात, आणि हार्मनबद्दलही. तुमच्या आजीची हकिकत त्यांना नीट लिहून हवी आहे. वेळ मिळेल तेव्हा फोन करा, मी उतरवून घेईन. आणि सुट्टीत साताऱ्याकडे या, घर तुमचंच आहे.

आपला ऋणी,
एका मराठा शिपायाचा नातू