मंगलला, लंडनहून

प्रिय मंगल,

फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेच तोडलं असतंस आणि मी निम्मं गिळलं असतं. म्हणून लिहितेय. तब्येत बरी, शुगर आटोक्यात, गुडघे कुरकुरतात.

ऑफिसात एक केस आलीय. माणूस परदेशी, दहशतवादाचा संशय, आणि इथल्या सरकारला त्याला त्याच्या देशात परत धाडायचंय. देश कुठला ते विचारू नकोस, सांगता येत नाही. फाइल टेबलावर आली आणि आधी दादा आठवला. ९३ च्या स्फोटात शेअर बाजाराच्या दारात सापडलेला. काकूंनी त्याचा शर्ट धुवायला घेतला, खिशात काचा लागल्या आणि त्या नळ तसाच सोडून मोरीत बसून राहिल्या, ते आठवलं.

मी केस घेतली, मंगल. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

तू म्हणशील, कसाबच्या वेळी भांडलो तेच पुन्हा. तेच नाही गं. कसाबवर आरोपपत्र होतं, साक्षीदार होते, त्याला वकील होता, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं. या माणसावर खटलाच नाही. पुराव्यातला बराच भाग गुप्त. तो बघायला वेगळा खास वकील नेमतात, आणि त्यानं एकदा ते कागद पाहिले की परवानगीशिवाय त्याला अशिलाशी बोलता येत नाही. म्हणजे ज्याची बाजू मी मांडणार, त्याच्याविरुद्ध नेमकं काय आहे ते मलाही कळणार नाही. त्यानं खरंच काही केलं असेल तर? रात्री याच विचारानं डोळा लागत नाही.

पण कायदा विचारतो ते वेगळंच. परत पाठवलं तर त्याचा छळ होईल का, एवढंच. तो किती धोकादायक, हे त्या तराजूत घालायचंच नाही. आणि हे ज्या प्रकरणात पक्कं झालं ते आपल्याच देशाचं. करमजित सिंग चहल १९७१ पासून इंग्लंडात. १९८४ मध्ये पंजाबात गेला तेव्हा पोलिसांनी धरून छळलं. १९९० मध्ये इथल्या सरकारनं राष्ट्रीय सुरक्षेसाठी भारतात पाठवायचं म्हणून त्याला आत घातलं. आपल्या सरकारनं हमीही दिली, की इतर नागरिकांसारखंच त्याला कायद्याचं संरक्षण मिळेल. १५ नोव्हेंबर १९९६ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं १२ विरुद्ध ७ मतांनी सांगितलं : भारत सरकारच्या प्रामाणिकपणावर शंका नाही, पण पंजाब पोलिसांना ते आवरू शकेल याची खात्री नाही. पाठवता येणार नाही. तोवर तो सहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता.

तेव्हा तू कँटीनमध्ये टेबलावर हात आपटून "गोरे आम्हाला शिकवणार?" म्हणाली होतीस. चहा माझ्या घटनेच्या नोट्सवर सांडला, त्या नोट्स अजून तपकिरी आहेत, भरपाई बाकी आहे. राग मलाही आला होता. आता जास्त राग याचा येतो, की संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली आणि मंजुरी अजून दिलेली नाही.

आणि या कायद्यानं कुणाला पाठवताच येत नाही, हेही खरं नाही. अबू कतादा या इथल्या जॉर्डनी मौलवीला जॉर्डनला धाडायला स्ट्रासबर्गच्याच कोर्टानं २०१२ मध्ये अडवलं, कारण तिथल्या खटल्यात छळ करून घेतलेले जबाब वापरले जाण्याचा धोका होता. मग दोन देशांनी करार केला, आणि जुलै २०१३ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी जॉर्डनच्याच कोर्टानं पुराव्याअभावी त्याला सोडलं. इतकी वर्षं ज्याच्यावर आरडाओरडा चालला होता, त्याच्याविरुद्ध तिथल्या कोर्टात टिकेल असं काही निघालं नाही!

९३ च्या स्फोटांतल्या अबू सालेमचंच बघ. फाशी देणार नाही, २५ वर्षांहून जास्त डांबणार नाही, असा शब्द पोर्तुगालला दिला म्हणून तो २००५ मध्ये हाती आला. २०२२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दिलेला शब्द पाळावा लागेल. तू त्या दिवशी फोनवर किती चिडली होतीस! पण त्या शब्दामुळेच तो मुंबईच्या कोर्टासमोर उभा राहिला ना? दादाच्या पायाचा जो काही हिशेब कोर्टात झाला, त्यात हाही धागा आहे.

आता इथे वारं फिरलंय. मे २०२५ मध्ये इटली, डेन्मार्कसह नऊ देशांच्या सरकारांनी खुलं पत्र काढून, परदेशी गुन्हेगारांना बाहेर काढण्यात स्ट्रासबर्गचं न्यायालय आड येतं अशी तक्रार केली. इथला हुजूर पक्ष तर ते न्यायालय ज्यावर चालतं त्या मानवी हक्कांच्या युरोपीय करारातूनच बाहेर पडायचं म्हणतोय. त्या करारातल्या छळबंदीच्या कलमाला आज अपवाद नाही, युद्धातसुद्धा नाही. एक अपवाद आत शिरला की तो कुणाकुणाला लागू करायचा हे गृहखातं ठरवणार, तेही गुप्त कागदांवरून. मला भीती याची आहे, आणि ऑफिसात हे बोलले तर सगळे माना डोलावतात. कारण त्यांच्या घरी दादा नाही.

सईचं ठरलं का? रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर घाईनं सही करू नकोस, आधी मला पाठव.

हे पत्र दादाला वाचून दाखव. त्याला काय वाटतं ते त्याच्याच शब्दांत कळव, मला लागेल म्हणून काही गाळू नकोस. तो "सोड ती केस" म्हणाला तरी मी सोडणार नाही, हेही त्याला सांग. पण सुनावणीच्या आधी मला ते ऐकायचंय.

तुझी,
वैशाली